भानुमतीबाईंची खेपपत्रकं

२०१९च्या मे महिन्यात गावांना टँकरनं पाणी पुरवणाऱ्या वाळूजच्या संस्थेत भानुमतीबाईंच्या आधी कुणीच कामावर येत नसे. कुठला टँकर कुठल्या विहिरीवर भरायचा आणि कुठल्या गावाला न्यायचा, याची खेपपत्रकं त्या सकाळी सहाला छापून काढत. पत्रक हातात पडल्याशिवाय विहिरीवरचा माणूस टँकरला पाइप लावू देत नसे.

बाईंची निम्मी नोकरी टाइपरायटरवर गेलेली. तिथं कागद म्हणजेच काम. कागद फाटला की काम गेलं. संगणक शिकल्या त्या नाइलाजानं. मग शहर बीड बायपासच्याही पलीकडं पसरलं, तशी संस्थेनं तिकडं नवी कचेरी थाटली. श्रीरंग नावाच्या तरुण इंजिनिअरनं दोन्हीकडचे प्रिंटर एका नेटवर्कमध्ये जोडले आणि सगळ्यांना तासभर शिकवलं. बाईंनी त्याचे शब्द वहीत उतरवून घेतले आणि वही खणात टाकून दिली. कोण वाचतंय!

दुसऱ्याच दिवशी चौदा टँकर फाटकात उभे असताना बाईंनी प्रिंटची आज्ञा दिली. प्रिंटर ढिम्म. पुन्हा दिली. एकूण आठ वेळा दिली. बाहेर ड्रायव्हर हॉर्न वाजवू लागले. श्रीरंगचा फोन लागेना.

तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला.

"मॅडम, म्या बिभीषण बोलतो, नव्या कचेरीचा वॉचमन. इथं कुणीच नाय अन् मशीन आपोआप कागद टाकायलंय. खाली तुमचा नंबर हाय म्हणून फोन केला."

"कागदावर काय आहे?"

"गावांची नावं. मधी आमचं गाव बी हाय. आमची माय तिथं एकलीच हाय, मॅडम. भाऊ मेंढरं घेऊन गोदाकाठी गेलाय. तीन दिस झाले, टँकर फिरकला नाय. म्हणाल तर हे समदे कागद घेऊन गाडीवर निघतो."

"तुम्ही येईपर्यंत ऊन चढेल. आणि फाटक कुणावर सोडाल? थांबा जरा."

बाईंनी खण उघडला. स्वतःचंच वळणदार अक्षर त्या पहिल्यांदा नीट वाचू लागल्या. 'डिफॉल्ट प्रिंटर : आपण काही सांगितलं नाही तर काम ज्याच्याकडे जातं तो.'

"बिभीषणराव, मशीनवर नावाची चिठ्ठी आहे का?"

"हाय की. बी-पी-दोन."

बाईंनी पडद्यावरची यादी उघडली. बरोबरची हिरवी खूण बी-पी-दोनपुढं होती. त्या आठही वेळा आपलं काम शहराच्या दुसऱ्या टोकाला धाडत होत्या!

"अजून निघायलेत बरं का," बिभीषण म्हणाला. "कागद संपला तर आणखी भरू का?"

"मुळीच भरू नका!"

बाईंनी पडद्यावर छपाईची रांग उघडली. छापायची कामं एकाखाली एक उभी होती आणि बाजूला 'रद्द करा' असं होतं. तिथं मात्र त्यांचं बोट अडलं. काल संध्याकाळी तीन तास बसून ही चौदा पत्रकं जुळवली होती. रद्द केली आणि सगळंच गेलं तर? बाहेर पुन्हा हॉर्न वाजला. त्यांनी वहीत बोट फिरवलं. 'क्यू : छपाईची रांग. तिथलं काम रद्द केलं तरी मूळ फाइल जागेवर राहते.' लिहिताना त्यांनी या ओळीचा अर्थ ध्यानातही घेतला नव्हता.

बाईंनी डोळे मिटून बटण दाबलं.

"थांबलं, मॅडम! गप झालं एकदम!"

डोळे उघडून त्यांनी फाइल पाहिली. चौदाच्या चौदा पत्रकं शाबूत होती. त्यांनी वाळूजच्या प्रिंटरपुढं खूण केली आणि पुन्हा आज्ञा दिली. खिडकीखालचं यंत्र घरघरलं आणि पहिला कागद कोमट बाहेर आला. बाईंनी बिभीषणला त्याच्या गावाचं नाव विचारलं आणि पत्रकांत ते शोधलं.

"तुमच्या गावाला नऊ नंबरचा जातोय," त्यांनी सांगितलं. "कडूबा ड्रायव्हरची गाडी. सगळ्यात आधी तिलाच काढते."

दुपारी बिभीषणचा पुन्हा फोन आला. मायची दोन्ही पिंपं भरली होती. "लई झालं, मॅडम," तो म्हणाला.

श्रीरंग दुसऱ्या दिवशी ओशाळा होऊन आला. नवा प्रिंटर जोडताना बाईंची खूण त्याच्याच हातून हलली होती. बाईंनी त्याला बोल लावला नाही, पण दोन गोष्टी करून घेतल्या. प्रिंटरांची नावं बदलून 'वाळूज खिडकी' आणि 'बायपास जिना' अशी साधी ठेवली. आणि आपण यंत्रापाशी जाऊन आकडा दाबल्याशिवाय काम बाहेर पडू नये, अशी सोय करवली.

"याला होल्ड अँड रिलीज म्हणतात," श्रीरंग म्हणाला.

"म्हणत असतील. लोकांना 'धरून ठेव, मग सोड' असंच सांगायचं."

वहीतले शब्द त्यांनी सोप्या मराठीत मोठ्या अक्षरांत छापले आणि दोन्ही कचेऱ्यांत प्रिंटरवर लावले. नव्या कचेरीतला कागद बिभीषणनं दोन दिवसांत पाठ केला. जूनमध्ये तिथं मदतनिसाची जागा निघाली, तेव्हा बाईंनी संस्थेच्या साहेबांना त्याचंच नाव सुचवलं. साहेबांनी आधी नाक मुरडलं, मग त्याला प्रिंटरसमोर उभं करून चार प्रश्न विचारले आणि ठेवून घेतलं.

पहिल्या सोमवारी त्यानं बाईंना फोन केला.

"मॅडम, टोनर संपला म्हणतंय. पुढचं झाकण उघडू का बाजूचं?"

"पुढचं. आणि शाईच्या भुकटीची जुनी नळकांडी हलक्या हातानं ओढा, नाहीतर शर्ट काळा होईल."

पलीकडं खुडबुड झाली, मग झाकण लागल्याचा आवाज आला.

"झालं," बिभीषण म्हणाला. "शर्ट मातर काळा झाला."

बाई खळखळून हसल्या.