नवमीचं पान

"घट्ट घाल गो वेणी. घरी पोचेपर्यंत सुटायला नको," तुळसा म्हणाली, आणि अक्षयाने हलत्या जीपमध्ये तिची वेणी पुन्हा सोडली.

तेवढ्यात मांडीवरचा फोन वाजला. भावाचा, संदेशचा. अक्षयाने फोन उलटा करून ठेवला. मोठा भाऊ असला म्हणून काय झालं, सकाळपासून माणसाला श्वास घेऊ द्यायचा नाही असं काही राखी बांधताना ठरलं नव्हतं.

संदेश अंजनवेलजवळ एका कंपनीत नोकरीला होता, आणि बहिणीचं पुढचं आयुष्य त्याने स्वतःच्या मनात पक्कं करून टाकलं होतं. अक्षया बी.ए. झालेली. रत्नागिरीतल्या मनोरुग्णांच्या हॉस्पिटलात बायकांच्या वॉर्डात ती कंत्राटी परिचर होती. न्हाऊ घालायचं, गोळी खरंच गिळली का ते तोंड उघडायला लावून बघायचं, आणि दिवसभर त्याच त्या गोष्टी नव्याने ऐकायच्या. आता तिला मुंबईच्या कॉलेजात समाजकार्याच्या एमएसडब्ल्यूला प्रवेश मिळाला होता. कॉलेजचा प्रश्न एकच होता : शाखा कोणती, कामगार कल्याण की मनोविकार? आज संध्याकाळपर्यंत कळवायचं होतं. संदेश म्हणत होता, कामगार कल्याण घे, आमच्याच कंपनीत लावून देतो, एसीत बसशील. आईचंही तेच म्हणणं, फक्त ती ते रडून म्हणायची. 'मनोविकार' हा शब्द कानावर पडला की आईला मुलीचं लग्न मोडल्यासारखं वाटे. ते अजून जमलं नव्हतं हा भाग वेगळा.

समोरच्या सीटवर रशीद मुकादम सर बसले होते. हॉस्पिटलचे समाजसेवा अधीक्षक. बऱ्या झालेल्या माणसांना त्यांच्या घरी पोचवणं हे त्यांचं काम, आणि दिवाळीनंतर ते निवृत्त होणार होते. ते तरी आपल्या बाजूने बोलतील अशी अक्षयाला आशा होती.

"कामगार कल्याण घे, बेटा," सर खिडकीबाहेर बघत म्हणाले. "कंपनीतला माणूस भांडतो, शिव्या घालतो, पण दार लावून घेत नाही. मी आयुष्यभर लोकांची बंद दारं बघितली."

"मग तुम्ही का नाही सोडलंत?"

"मला संदेशसारखा भाऊ नव्हता ना," असं म्हणून सर हसले.

हातखंबा मागे पडला. ड्रायव्हर सखाराम मघापासून पुटपुटत होता, तो आता मोठ्याने बोलला. "पितृपक्षात कोण माणूस घरी नेतो काय सर? तेपण नवमीला?"

"पितृपक्ष म्हणूनच तर गाडी मोकळी मिळाली," सर म्हणाले.

तुळसाला याचं काहीच नव्हतं. सात-आठ वर्षांपूर्वी तिचा नवरा धाकू तिला हॉस्पिटलात घेऊन आला. सुरुवातीला भेटायला यायचा, येताना लाडू आणायचा. मग येणं थांबलं, फोन लागेना, पाठवलेल्या पत्रांना उत्तर नाही. तुळसा बरी होऊनही वर्षं लोटली होती. रोज संध्याकाळी ती वॉर्डच्या पायरीवर बसून घरामागच्या फणसाचं वर्णन करायची, आणि एका संध्याकाळी अक्षया बोलून गेली होती, "मावशी, तुम्हाला घरी मी नेऊन सोडणार." बोलायला काय लागतं! पण अक्षया त्यातली नव्हती. महिनाभर सरांच्या मागे लागून तिने हा दिवस आणला होता.

वाडीत जीप थांबली तेव्हा घरासमोर माणसं जमली होती. सगळ्यांची तोंडं वर, आंब्याच्या फांद्यांकडे. अंगणाला कुंपण म्हणून चिऱ्यांचा बुटका गडगा रचलेला होता आणि गडग्यावर केळीचं पान वाढून ठेवलं होतं. भात, वडे, खीर, काळ्या वाटाण्याचं सांबारं. कावळा काही येत नव्हता, आणि तो शिवल्याशिवाय घरात कुणाला जेवता येत नव्हतं. एक तरुण सून हात जोडून उभी होती. भुकेने तिचा चेहरा उतरला होता.

तुळसा गडग्याशी गेली आणि पानाकडे बघत राहिली.

"कुणाचं गो पान?"

"सासूबाईंचं," सून म्हणाली. तिचं नाव योगिनी. "नवऱ्याच्या आधी गेल्या ना त्या. मग नवमीलाच घालतात."

"तू बघितलंस काय सासूला?"

"नाय ओ. मी लगीन होऊन यायच्या आधीच गेल्या त्या हास्पिटलात."

"नाव काय तिचं?"

"तुळसा."

आंब्याकडे लागलेली तोंडं तुळसाकडे वळली. धाकू पुढे आला. त्याने बायकोला ओळखलं होतं, आणि आता तो बायकोकडे सोडून सगळीकडे बघत होता.

"सायेब, हिला परत न्या," तो सरांना म्हणाला. "तुमच्या पाया पडतो. पोरीचं लगीन जमत नव्हतं. आयस येडी म्हणून तीन ठिकाणांनी परत पाठवलं. मग मी सांगितलं, गेली. काय करनार होतो मी? आता पोरगी सासरी नांदते हाय. तिकडं काय सांगू? आयस मसणातनं उठून आली?"

सर त्याला समजावू लागले. आजार बरा होतो, गोळ्या चालू ठेवायच्या, आम्ही अधूनमधून येऊन बघू. वाक्यं बरोबर होती, पण बोलता बोलता त्यांचा आवाज खाली येत गेला. हे दारही त्यांनी ओळखलं होतं. त्यांनी अक्षयाकडे बघितलं आणि मान किंचित जीपकडे वळवली.

अक्षयाला राग आला. धाकूचा आलाच, पण त्याहून जास्त त्या वळलेल्या मानेचा. तिने पानाकडे बघितलं. पानाच्या कडेला चिमूटभर मिश्री, दातांना लावायची भाजकी तंबाखू, ठेवलेली होती. मेलेल्या माणसाला आवडायचं ते ठेवतात. म्हणजे या माणसाला बायकोची आवड अजून आठवत होती, आणि बायको मात्र त्याने जिवंतपणी मारून टाकली होती.

"काका," ती म्हणाली, "कावळ्याची वाट बघू नका. तो येणार नाय. जेवणारी आलीय."

"पोरी, तुला नाय कळायचं."

"नसेल कळत. पण पान हिच्या नावाचं हाय ना? मग ते हिला जेवू दे. परत न्यायची तर नंतर बोलू. उपाशी पोटी मी हिला गाडीत बसवणार नाय."

मग योगिनी हलली. सासऱ्याकडे न बघता तिने गडग्यावरचं पान दोन्ही हातांनी उचललं, ओटीवर नेलं आणि पाट मांडला. "या आत्या," ती म्हणाली. "सकाळपास्नं मीच रांधलंय. गोड मानून घ्या."

तुळसा पाटावर बसली. आधी तिने मिश्री बोटाने बाजूला सारली. "मी सोडली," ती धाकूला म्हणाली. "हास्पिटलात चालत नाय." मग ती जेवू लागली. सावकाश, सगळं, सांबाऱ्यातला शेवटचा वाटाणासुद्धा. वाडी तिच्याकडे बघत होती आणि ती वाडीकडे बघत नव्हती. अक्षया खांबाला धरून उभी राहिली. तिला रडू येत होतं, ते तिने येऊ दिलं.

जेवण झाल्यावर तुळसाने पानातला एक वडा उचलला, उठली आणि गडग्यावर नेऊन ठेवला. "माझ्या सासूचा," ती म्हणाली. "तिचं पान कोण घालत होतं काय, देव जाणे." मग उष्टा हात तसाच धरून ती उभी राहिली. पाणी मागितलं नाही.

शेवटी धाकू ओटीखालची कळशी घेऊन आला आणि तिच्या हातावर पाणी घालू लागला. हात धुऊन झाले तरी तो पाणी घालतच राहिला.

सरांनी गोळ्या योगिनीच्या हाती दिल्या, कोणती कधी ते दोनदा सांगितलं. अक्षया गाडीत बसायला गेली तेव्हा मागे राहिलेल्या तुळसाने तिचा हात धरला.

"बघायला तूच येशील ना गो?"

"आता मुंबईला जाणार मी, मावशी. शिकायला. मग येईन."

"काय शिकनार?"

"हेच," अक्षया म्हणाली.

हातखंब्याला रेंज आली. संदेशचे फोन येऊन पडले होते. ते ओलांडून तिने कॉलेजला फोन लावला.

"वैद्यकीय आणि मनोविकार समाजकार्य," ती म्हणाली.

"नक्की ना? नंतर बदलता येणार नाही."

"नक्की."

सर डोळे मिटून बसले होते. मिटल्या डोळ्यांनीच म्हणाले, "दारं लावतील हं, बेटा."

"लावू देत. मी गडग्यावरून जाईन."

सरांनी डोळे उघडले नाहीत, पण बाकीच्या रस्त्यात कामगार कल्याणाचं नावही काढलं नाही.

मग तिने आईला फोन केला. "आई, शाखा कळवली. माझ्या मनाची."

आईने फोन ठेवला नाही. संदेशचं नाव, लग्नाचं, लोकांचं, सगळं तिच्या ओठांवर येऊन थांबलं असणार. अक्षयाला ते शब्दन् शब्द पाठ होते.

"आणि आई, मी जेवले नाहीये. माझं पान वाढून ठेव."

पलीकडे भांड्यावर भांडं आपटल्याचा आवाज आला.

"भात गार होईल," आई म्हणाली. "लवकर ये."