न बांधलेल्या खोलीचा नकाशा

मी एक जुना नकाशा आहे. वय तीनच वर्षं, पण कागदाला तेवढं पुष्कळ झालं. मुलुंडमधल्या एका बैठ्या घराच्या मागच्या अंगणात भाड्याची खोली बांधायची होती, तिचा मी नकाशा. मधुकरकाकांच्या कपाटात असतो.

मित्रांनो, मला रेवती नावाच्या आर्किटेक्ट मुलीने काढलं. काका शेजारी बसून सांगत होते, "खिडकी माझ्या स्वयंपाकघरासमोर हवी. पलीकडे माणूस दिसलं पाहिजे." माणिककाकू गेल्यापासून त्यांना घर खायला उठायचं. काकूंच्या आजारपणात प्रेमा नावाच्या बाईने त्यांचं सगळं केलं होतं. भांडुपची तिची चाळ पाडायची ठरली, तेव्हा काकांनी तिला आणि तिच्या नवऱ्याला, लवूला, शब्द दिला, "मागे खोली बांधतो. तिथेच राहा."

मग माझ्या पालिकेत खेपा सुरू झाल्या. एकदा कुंपणापासूनचं अंतर कमी भरलं, एकदा सांडपाण्याची नळी दाखवायची राहिली. प्रेमा म्हणाली, "काका, चार भिंती घाला नि वर पत्रा टाका ना! कोण येतंय बघायला?"

"कागद आल्याशिवाय एक वीट लागणार नाही," काका म्हणाले. उभा जन्म सरकारी कचेरीत काढलेला माणूस, नियमाला पक्का. मला तेव्हा त्यांचा फार अभिमान वाटायचा. आता वाटतं, मी उगाच फुशारलो.

माझ्यावर मंजुरीचा शिक्का बसला, तोवर चाळ पडली होती आणि प्रेमा-लवू कणकवलीजवळ गावी निघून गेले होते. काकांनी फोन लावला. "आता इथेच बस्तान बसलं हो, काका," म्हणताना ती रडली. काकांनी "बरं, बरं" म्हणून फोन ठेवला.

आता ते रोज मला बाहेर काढतात. धूळ नसते, तरी पुसतात. खिडकीच्या रेघेवर बोट ठेवून बसतात आणि परत गुंडाळतात. रेवती दोनदा सांगून गेली, "काका, वर्षाच्या आत काम सुरू करा, नाहीतर परवानगी जाईल. दुसरं कोणीतरी येईल की राहायला!" काका नुसती मान हलवतात. अठरा दिवस उरलेत.

इतर नकाशे गवंड्याच्या हातात मळतात, सिमेंटने माखतात. माझ्या कडा अजून कोऱ्या आहेत. मला त्याची लाज वाटते.

मित्रांनो, वस्तू जपा, असं तुम्हाला सगळेच सांगतात. मी उलटं मागतो. मला जपू नका. मला गवंड्याकडे द्या, मळू द्या. मी फाटेन, पण मागच्या दाराशी येऊन कोणीतरी रोज विचारेल, "काका, आहात ना?"