न चावणारे उंदीर

माशेझीचे उंदीर चावत नाहीत, ही बातमी दक्षिण आफ्रिकेतल्या पीटरमॅरित्झबर्गच्या साप पाळणाऱ्या मंडळींत इतकी पसरली की शेवटी ती तिच्याच अंगाशी आली.

हे घरात सापडणारे उंदीर नव्हेत. ज्वारीच्या शेतातले करडे, मऊ लवेचे रानउंदीर. काही पाळीव अजगर मोठे नखरेल असतात. दुकानातल्या पांढऱ्या उंदरांकडे ढुंकूनही बघत नाहीत, महिनोन्‌महिने उपास काढतात आणि मालकाचा जीव टांगणीला लावतात. त्यांच्यापुढे रानउंदीर ठेवला की उपास सुटतो. गुण मोठा, पण खोड त्याहून मोठी. हा प्राणी चिमट्याला चावतो, हातमोज्याला चावतो, आणि दुसऱ्या पिंजऱ्यातला पाहुणा उंदीर ट्रेमध्ये सोडलात तर सकाळी त्याची शेपटी तेवढी शिल्लक ठेवतो.

माशेझीने सव्वीस वर्षं एका सरकारी प्रयोगशाळेत याच उंदरांचे पिंजरे धुतले होते. निवृत्त होताना साहेबांनी विचारलं, भिंतीवरचं घड्याळ हवं की चहाचे कप? ती म्हणाली, "घड्याळ नको नि कप नकोत. दोन ट्रे उंदीर द्या." त्या दिवसापासून तिच्या नणंदेच्या, थेंबेकीलेच्या तोंडाला खाद्य मिळालं. "लोक पेन्शनीत गाय आणतात. आमच्या वहिनीने उंदीर आणले. आता दूध कुणाचं काढायचं, उंदरांचं?"

त्याला अकरा वर्षं झाली. या अकरा वर्षांत माशेझी रोज पहाटे, स्वतःचा चहा व्हायच्या आधी, प्रत्येक ट्रेमध्ये उघडा हात घालून बसली. पिल्लांचे डोळे उघडायच्या आत प्रत्येक पिल्लू तिच्या तळहातावर येऊन गेलेलं असे. जो चावला त्याची वीण पुढे चालू ठेवायची नाही, तो पहिला सापाच्या पोटात. जो शहाणा निघाला त्याची वीण वाढवायची. मका, ज्वारी, रात्रीचा उरलेला फुथू, म्हणजे मक्याच्या पिठाचा मोकळा उपमा, यांवर ही वीण पोसली गेली, आणि तिच्या एडनडेल वस्तीतल्या कडाक्याच्या थंडीत ट्रेवर घरातली जाड घोंगडी पडली. थेंबेकीलेला ते बघवत नसे. "अगं, उद्या कुणाचं तरी जेवण होणार ते. घोंगडी कशाला?"

"वन्सं, तुमच्या कोंबड्यासुद्धा जेवणच होतात ना? मग त्यांना तोवर दगड मारता का?"

मे महिन्यातल्या एका शनिवारी साप पाळणाऱ्यांच्या मंडळाचं वार्षिक प्रदर्शन एका शाळेच्या हॉलमध्ये होतं. माशेझीचं टेबल नेहमीप्रमाणे दाराजवळ. वर झाकणाचे चार ट्रे, मागे खुर्चीत थेंबेकीले, तिच्या मांडीवर मैद्याच्या तळलेल्या गोळ्यांची, अमाग्विन्यांची पिशवी. विकायला आल्याचा आव आणून ती खाण्यासाठीच येत असे.

दहाच्या सुमारास मंडळाचा अध्यक्ष लोगन नायकर खालमानेने टेबलापाशी आला. हा डर्बनचा, शाळेत जीवशास्त्र शिकवणारा, तोंडाचा गोड माणूस; माशेझीला झुलूत गोगो, म्हणजे आजी, म्हणायचा.

"गोगो, एक वाईट बातमी आहे. तक्रार आली आहे."

"कुणाची?"

"रिकस स्टेनची."

रिकस म्हणजे हॉवीकजवळचा शेतकरी. त्याची हेच रानउंदीर वाढवण्याची मोठी शेड होती, आणि गेल्या वर्षभरात त्याची गिऱ्हाइकं एकेक करून माशेझीकडे वळली होती. त्याचं म्हणणं असं की न चावणारा रानउंदीर देवाने जन्माला घातलेलाच नाही. तेव्हा ही बाई करड्या रंगाचे साधे घरउंदीर रानउंदीर म्हणून खपवते आहे.

"बारा वाजता समिती बसेल," लोगन म्हणाला. "निकाल विरुद्ध गेला तर टेबल उचलावं लागेल, आणि नाव यादीतून कायमचं कमी होईल. माझ्या अजगरीने, प्रिन्सेसने, आठ महिन्यांनी तोंड उघडलं ते तुमच्याच उंदरासाठी, मला ठाऊक आहे. पण मी अध्यक्ष. मलाच साक्ष कशी देता येणार?"

नाव यादीतून जाईल याचं माशेझीला फार वाटलं नाही. पण अकरा वर्षांच्या पहाटेला कुणीतरी लबाडी म्हटलं होतं, आणि ते तिला नखशिखान्त झोंबलं.

"चल, घरी जाऊ," थेंबेकीले पिशवी गुंडाळत म्हणाली. "गोऱ्याच्या तोंडी कोण लागणार?"

"वन्सं, खाली बसा. आणि अमाग्विन्या लवकर संपवा, नंतर टाळ्या वाजवायला हात मोकळे लागतील."

बारा वाजता हॉलच्या मधोमध एक टेबल मांडलं गेलं. भोवती शंभरेक माणसं, त्यांतल्या निम्म्यांच्या गळ्यात नाहीतर मनगटावर साप. रिकस आपली झाकणाची पेटी घेऊन आला होता. उंच, लाल चेहऱ्याचा, पण बोलायला सरळ माणूस.

"मा, तुमच्याशी माझं वैर नाही," तो म्हणाला. "पण पंधरा वर्षं मी हे उंदीर पाळतोय. एकही असा नाही की जो हातात घेता येईल. तुमचे येतात. मग ते हे उंदीर नव्हेत. एवढंच माझं गणित."

"गणित म्हणतोस तर मोजूनच टाकू," माशेझी म्हणाली आणि लोगनकडे वळली. "मास्तर, घरउंदराच्या मादीला थानं किती?"

"दहा."

"आणि रानउंदराच्या?"

"पुस्तकात आहे, वीस-बावीस. कधी चोवीससुद्धा."

"पुस्तकात आहे ना? इथे कुणी स्वतः मोजलीत?"

शंभर माणसांत कुणी हात वर केला नाही. मोजायचं तर उंदीर उताणा धरायला हवा, आणि धरायची कुणाची छाती होती?

माशेझीने ट्रेचं झाकण काढलं. आत चौदा पिल्लांची आई कोपऱ्यातल्या गवतावर पहुडली होती. माशेझीने उघडा हात तिच्यापुढे ठेवला. आईने तो हुंगला, ती हातावर चढली आणि आपले कान साफ करू लागली. माशेझीने तिला अलगद उताणं केलं, अंगठ्याने छातीशी सावरलं आणि हात उंच धरला. दुधावरच्या मादीची थानं लपत नाहीत.

"कुन्ये," ती झुलूत एकपासून मोठ्याने मोजू लागली. "कुबिली. कुथाथू."

चारवर थेंबेकीले सूर मिळवू लागली. सहावर दाराजवळच्या बाया. दहावर माशेझी क्षणभर थांबली, घरउंदीर इथे संपतो हे सगळ्यांना कळावं म्हणून, आणि मग अकरा म्हणाली तेव्हा अख्खा हॉल तिच्याबरोबर मोजत होता. बावीसवर ती थांबली. उंदीर एकदाही वळवळला नव्हता.

टाळ्या पडल्या. थेंबेकीलेने तर खुर्चीवर उभं राहून जिभेने लांबलचक किलकारी दिली. पण रिकस जागचा हलला नाही. "माझीही मोजू," तो म्हणाला. "मग खरं ते कळेल." त्याने कोपरापर्यंतचे चामडी हातमोजे चढवले आणि पेटीत हात घातला.

पुढे जे झालं ते त्या हॉलने अजून विसरलेलं नाही. मादीने हातमोज्याच्या शिवणीतून दात घातला, रिकसने झटका दिला, आणि ती टेबलावरून थेट जमिनीवर. गळ्यात सहा-सहा फुटी अजगर मिरवणारे दाढीवाले बाप्ये टुणकन खुर्च्यांवर चढले. एक तर लोगनच्या खांद्यावर चढू पाहत होता.

माशेझी गुडघ्यांवर बसली. मादी बाकाखाली दबून बसली होती. माशेझीने उघडा हात आत घातला आणि तो बाहेर आला तेव्हा मादी तिच्या मुठीत होती, आणि मादीचे दात तिच्या अंगठ्यात. रक्त मनगटावरून खाली ओघळलं. माशेझीच्या चेहऱ्यावरची रेघसुद्धा हलली नाही. तिने मादीला तशीच उताणी केली आणि मोजलं. वीस.

"तुझीही खरी आहे, रिकस," ती म्हणाली. "माझीही खरी आहे. दोघी एकाच रक्ताच्या बहिणी. तुझी अशी का, ते आता बघ." तिने मादी पेटीत सोडली आणि दोन्ही हात पालथे करून त्याच्यासमोर धरले. बोटांवर पांढरे व्रण होते, एकावर एक, नखांच्या मुळापासून मनगटापर्यंत. डाव्या तर्जनीचं टोक तर नव्हतंच. "पहिली तीन वर्षं सगळे चावत होते. मी हात काढला नाही. आता तुझे दाखव."

रिकसने हातमोजे उतरवले. पंधरा वर्षं रानउंदीर पाळलेल्या त्या हातांवर एक ओरखडा नव्हता.

लोगन घसा खाकरून निकाल सांगू लागला, पण त्याच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. रिकसची मान कानांपर्यंत लाल झाली होती.

"चुकलो, मा," तो म्हणाला. "तक्रार मागे घेतो. आणि मागायला तोंड नाही, पण मला एक जोडी द्याल? वीण वाढवायला?"

"जोडी दिली तर वर्षभरात तुझ्याकडे तीही चावायला लागेल. हात पुढे कर."

रिकसने उजवा हात पुढे केला. माशेझी नुसती बघत राहिली. नाताळ प्रांतात जन्मलेला माणूस तो, एका क्षणात समजला, आणि झुलू रिवाजात घेणाऱ्याने करावेत तसे त्याने दोन्ही हात जोडून ओंजळ पुढे धरली.

माशेझीने चौदा पिल्लांची आई त्या ओंजळीत ठेवली. रिकसने श्वास रोखला, डोळे मिटले. आईने त्याचा अंगठा हुंगला, नखाला मिशी लावली, आणि मग जड अंगाने त्याच्या तळहातावर बैठक मारली. रिकसने एक डोळा उघडला, मग दुसरा. वयाने पन्नाशी उलटलेला तो माणूस लहान मुलासारखा हसला.

"उताणी कर," माशेझी म्हणाली. तिच्या अंगठ्यातून रक्त अजून ठिबकत होतं, आणि ती ताठ उभी होती. "आणि मोज. सावकाश. झुलूत मोज."