मानेचा मान

मास्तरांच्या शिवणाच्या दुकानात एक रीत होती. कोट तयार झाला की मास्तर शर्ट काढायचे, डोळे मिटायचे आणि कोट उघड्या मानेवर घ्यायचे. मान गप्प राहिली तर कोट गिऱ्हाइकाला, कुरकुरली तर कॉलर उसवायची. "पोट सुटलं, केस गेले, पण मानेचा मान शाबूत आहे," हा विनोद ते दर गिऱ्हाइकाला ऐकवत आणि स्वतःच हसत.

लेक त्यांच्याच हाताखाली शिकली होती. एके दिवशी तिनं जाहीर केलं, "बाबा, हा कोट मी एकटीनं शिवणार. तुमच्या मानेनं पास केला, तर दोन गल्ल्या सोडून माझं दुकान टाकणार."

"टाक की!" मास्तर म्हणाले, आणि त्या रात्रीपासून त्यांच्या डोळ्याला डोळा लागेना. बायकोला सांगितलं, शेजाऱ्यांचं कुत्रं भुंकतं. शेजाऱ्यांकडे मांजर होतं.

मग अंगच बिथरलं. धुऊन धुऊन विरलेलं बनियन बोचायला लागलं. जन्मभर बोटात सुया टोचून घेतलेला माणूस, पण परवा एक सुई जराशी लागली, तर असे ओरडले की समोरचा चष्मेवाला धावत आला. मास्तरांना लाज वाटली. त्यांनी उगाच कात्रीला शिव्या घातल्या.

लेकीचा कोट मानेवर आला. "टोचतोय," मास्तर म्हणाले. तिनं कॉलर उसवली, आतून मऊ कापड लावलं. "अजून टोचतोय गं. खाजही सुटली." तिनं पुन्हा उसवली. या खेपेला तिनं दोरा दातानं तोडला, आणि मास्तरांनी ते न पाहिल्यासारखं केलं.

"अहो, रात्रभर कूस बदलता," बायको म्हणाली. "झोप नसली की कातडी भांडखोर होते. ही तान्ही होती, तेव्हा मला स्वतःचे केससुद्धा मानेवर सहन होत नव्हते."

"मान ती मान. तिचा झोपेशी काय संबंध?"

"हो ना. नाचता येईना, अंगण वाकडं!"

दुसऱ्या दिवशी दुपारी मास्तरांनी पुन्हा डोळे मिटले. लेकीनं कोट चढवला, आणि मानेची नुसती आग झाली.

"बघ! याला कॉलर म्हणतात की काथ्या? ज्यानं शिवलाय ना, त्याला आधी सुई धरायला शिकवा!"

मास्तरांनी डोळे उघडले. अंगावर काचेच्या कपाटातला कोट होता. ऐन उमेदीत त्यांनी स्वतः शिवलेला, 'असा पुन्हा होणे नाही' म्हणून येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवलेला. आपलेच दात, आपलेच ओठ.

आधी बायको हसली, मग लेक, आणि शेवटी मास्तरही. "एवढी वर्षं जिला मान दिला, त्या मानेनंच नाक कापलं माझं!" चोरी पकडली गेल्यावर त्यांना हलकंच वाटलं. 'पाच मिनिटं पडतो' म्हणत ते कापड बेतायच्या टेबलावर आडवे झाले.

जाग आली तेव्हा ऊन समोरच्या भिंतीवर गेलं होतं. अंगावर लेकीचा कोट होता, कॉलर थेट मानेला लागलेली.

"गिऱ्हाईक आलं होतं?" ते दचकून उठले.

"येऊन गेलं. म्हटलं, उद्या या. मालक अजून कोट तपासतायत."

"आणि त्यांना पटलं?"

"घोरणं ऐकू येत होतं, बाबा."

मास्तरांनी कॉलर मानेवर घासली. मग जरा जोरात घासली, आशेनं. मान ढिम्म. काहीतरी म्हण गं बाई, असं त्यांनी तिला मनातल्या मनात विनवलंसुद्धा.

लेक इस्त्री हातात धरून उभी होती. "काय म्हणते मान?"

नुसतं 'टोचतोय' म्हटलं असतं, तर तिनं पुन्हा उसवलं असतं. आणखी महिनाभर ती इथेच, या टेबलापाशी बसली असती.

"पास," मास्तर म्हणाले. "माझ्या कोटाहून मऊ झालाय. टाक दुकान."

हे बोलताना त्यांना आत कुठेतरी चांगलंच टोचलं. झोपेवर ढकलावं, तर झोप पोटभर झाली होती.