निळ्या जारातली जत्रा

मी एक जुना पाण्याचा जार आहे. निळसर प्लास्टिकचा, पोटानं मोठा आणि मानेनं आखूड. माझा जन्म रियाधजवळच्या एका कारखान्यात झाला. गरम साच्यातून बाहेर पडलो तेव्हा माझ्यासारखेच शेकडो भाऊ शेजारी उभे होते, त्यामुळे आपण कुणी विशेष आहोत असा गैरसमज मला कधी झाला नाही. पाणी भरायचं, ट्रकमध्ये चढायचं, रिकामं होऊन परत यायचं, हेच आमचं आयुष्य. मित्रांनो, त्यात वाईट काही नव्हतं. उन्हाळ्यात माणसं मला बघताच खूश व्हायची, आणि अशी खुशी फार थोड्यांच्या वाट्याला येते.

पुढे माझ्या अंगावर ओरखडे आले आणि कारखान्यानं मला परत घेतलं नाही. मी अल सुलैच्या एका लेबर कॅम्पमध्येच राहून गेलो. आजूबाजूला गोदामं, मालाच्या गाड्या आणि धूळ. पत्र्याच्या खोल्यांची एक लांब ओळ होती. तिच्यातल्या एका खोलीत, पांडूच्या पलंगाखाली मला जागा मिळाली.

पांडू कणकवलीकडचा प्लंबर. रागावला तरी पाच मिनिटांत स्वतःच हसणारा माणूस. समोरचा पलंग ताजुद्दीनचा. तो राजापूरच्या खाडीकाठचा आणि गोदामात स्टोअरकीपर. खोलीचा जिम्मा त्याच्या नावावर होता, म्हणजे खोलीत काही वावगं निघालं तर आधी जाब त्याला. तिसरा कऱ्हाडचा वैभव, इलेक्ट्रिशियन. त्याचा मोबाइल त्याच्या हातातून फक्त आंघोळीला जाताना सुटायचा, तोही कधीकधी.

त्या हिवाळ्यात पांडूच्या गावची जत्रा होती आणि त्याही वर्षी त्याला सुट्टी मिळाली नव्हती. मुदीर, म्हणजे कंपनीचा मोठा साहेब, 'बुक्रा, बुक्रा' म्हणत राहिला. बुक्रा म्हणजे उद्या. तो उद्या काही उगवला नाही. मग पांडूनं ठरवलं की जत्रेला जाता येत नाही तर जत्रा इथेच करायची. त्यांच्या गावात जत्रेच्या वेळी राखणदाराला, म्हणजे गावाची वेस सांभाळणाऱ्या देवाला, माडी ठेवतात. सुलैमध्ये माडाचं झाडच नाही, तर माडी कुठून येणार? वैभव म्हणाला, "अण्णा, बीअर करूया की! मोबाइलवर समदं दावत्यात."

तुम्हाला ठाऊक असेल, या देशात दारूला सक्त मनाई आहे. पकडलं गेलं तर नोकरी जाते, इकामा जातो आणि माणूस आला तसा परत पाठवला जातो, तोही तुरुंगाची हवा खाऊन. इकामा म्हणजे इथे राहायचा परवाना, परदेशी माणसाचा जीवच तो. हे पांडूलाही ठाऊक होतं. पण हौसेला मोल नसतं म्हणतात, आणि कित्येकदा तिला अक्कलही नसते.

नाक्यावरच्या बकाल्यातून, म्हणजे किराणा दुकानातून, बिननशेच्या माल्टच्या बाटल्या आल्या. साखर आली, बेकरीतलं खमीर आलं. सगळं माझ्या पोटात गेलं. पांडूनं या आधी आयुष्यात बीअर केली नव्हती. त्यानं बूच इतकं घट्ट बसवलं की सकाळपर्यंत माझं पोट तट्ट फुगलं आणि बूच उडून छताच्या पत्र्यावर आपटलं. वैभव अंथरुणातून उडाला. पांडू मात्र बसल्या बसल्या हसत सुटला. मग त्यानं आपली कारागिरी लावली. बुचातून बारीक नळी काढली आणि तिचं दुसरं टोक पाण्याच्या बाटलीत सोडलं. आतली हवा बुडबुड करत बाहेर जाऊ लागली आणि माझ्या जिवाला आराम पडला.

थंडीनं आतलं आंबण्याचं काम मंदावलं तेव्हा पांडूनं स्वतःची रजई माझ्यावर घातली आणि स्वतः जॅकेट घालून झोपू लागला. माझ्या उभ्या आयुष्यात माझी इतकी काळजी कुणी घेतली नव्हती. कामावरून आला की तो आधी वाकून माझा बुडबुड ऐकायचा. ती काळजी माझी नव्हती, आतल्या जत्रेची होती, हे मला कळत होतं. तरी बरं वाटायचं.

ताजुद्दीन स्वतः घेत नसे आणि दुसऱ्याला शिकवायलाही जात नसे. पहिल्या दिवशी तो एवढंच म्हणाला, "पांडू, ह्या काय बरां नाय हां."

"एकदाच, ताजूभाई. जत्रेपुरता," पांडू म्हणाला.

ताजुद्दीननं पुन्हा विषय काढला नाही. पण एका संध्याकाळी पांडू आणि वैभव बाहेर गेले होते आणि तो बायकोशी फोनवर बोलत होता. रईसा तिचं नाव. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण तिनं नवऱ्याचा हा मुलूख पाहिला नव्हता. तिला एकदा मक्केला नेईन हा त्याचा शब्द होता. दोनदा त्यानं व्हिसाचा अर्ज केला, दोनदा आनंदानं सगळ्या कॅम्पला सांगितलं आणि दोन्ही वेळा कागद परत आला. आता तिसरा अर्ज गेला होता.

"या वेळी कुणाला बोलू नको, रईसा," तो म्हणाला. "हातात येईल तेव्हा खरं. दृष्ट लागते."

पलीकडून ती काहीतरी म्हणाली. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "नाय गं, पांडूला कसा सांगू? रमजानात पहाटे उठून माझ्यासाठी चहा करतो तो, स्वतःला उपास नसताना. त्याची जत्रा मी कशी मोडू? पण खोली माझ्या नावावर आहे. हे उघडकीला आलं तर माझा इकामा गेला, आणि मग तुझा व्हिसा कुठला?"

फोन ठेवून तो बराच वेळ माझ्याकडे बघत बसला. भीड ही मोठी वाईट गोष्ट आहे, मित्रांनो. मला तोंड असून बोलता येत नव्हतं, आणि त्याला येत असून तो बोलत नव्हता.

शेवटी जत्रेचा शुक्रवार आला. ताजुद्दीन जुम्म्याच्या नमाजाला गेला आणि पांडूनं तीच वेळ साधली. "भाईक ह्याच्यात घेवचा नाय," असं त्यानं वैभवला आधीच बजावलं होतं. शेजारच्या खोल्यांतली चार-पाच मराठी मंडळी आली. दाराला कडी लागली. नळी निघाली, बूच निघालं, आणि खोलीभर आंबूस वास पसरला. पांडूनं पहिला पेला भरला आणि राखणदारासाठी म्हणून दाराजवळ तुपाच्या रिकाम्या डब्यात लावलेल्या कढीपत्त्याच्या झाडापुढे ठेवला. परदेशात देवालाही मिळेल त्या झाडाखाली बसावं लागतं.

आता त्यांची रीत अशी, की गाऱ्हाणं घातल्याशिवाय कुणी पेल्याला हात लावायचा नाही. एकानं देवाला सगळ्यांच्या वतीनं सांगायचं आणि बाकीच्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणून दुजोरा द्यायचा. पांडूनं हात जोडले आणि अगदी हळू सुरुवात केली.

"बा देवा म्हाराजा! आज गावात तुझी जत्रा, पण आमका लेकरांक येवक गावला नाय. म्हणान हयसरच तुझो मान ठेवलो हा, तो गोड मानून घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा," मंडळी कुजबुजली.

"परमुलखात आमची राखण कर. कोणाच्या वाटेत काय आडवा इला असात, ता दूर कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" या वेळी आवाज चढला. गाऱ्हाणं कुजबुजत घालायची सवय कुणाच्याच घशाला नव्हती. वैभवचं तर गावही तिकडचं नव्हतं, पण सगळ्यांत मोठा आवाज त्याचाच.

पांडूचे डोळे मिटलेले होते. आपण कुठे उभे आहोत हे तो पार विसरून गेला होता. "आणि माझो ताजूभाई! त्याच्या मनात जा काय असात, ता पुरा कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

पत्रा दणाणला. आणि लगेच दारावर थाप पडली. "दरवाज़ा खोलो!"

तो कॅम्पचा कारभार बघणारा कॅम्प बॉस होता. पांडूनं रजई माझ्यावर फेकली आणि आजारी माणसाजवळ बसावं तसा माझ्याशेजारी बसला. वैभवनं कढीपत्त्यापुढचा पेला त्याच डब्यात रिकामा केला आणि कडी काढली. दारात बॉस होता आणि त्याच्यामागे नमाजाहून परतलेला, टोपी घातलेला ताजुद्दीन.

"क्या चल रहा है? झगड़ा?" बॉसनं विचारलं.

ताजुद्दीननं एक नजर रजईवर टाकली. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. तरी तोच पुढे झाला. "झगड़ा नहीं, साहब. दुआ माँग रहे हैं."

"इतना चिल्लाके?"

"गाँव दूर है ना, साहब," ताजुद्दीन म्हणाला.

बॉस हसला, पण त्याचं नाक हसलं नाही. ते हवेत काहीतरी शोधत होतं. "ये खट्टी बू कैसी है?"

"आंबोळी का आटा है, साहब," पांडू घाईनं म्हणाला. "ठंडी में फूलता नहीं, इसलिए रजई दी है."

बॉस एक पाऊल आत आला. ताजुद्दीननं डोळे मिटले आणि त्याचे ओठ हलू लागले. मी इतकी वर्षं माणसांत राहिलो, पण माणूस इतका घाबरलेला मी पाहिला नव्हता. रजईपाशी येऊन बॉस थांबला आणि त्यानं कपाळावर हात मारला.

"अरे ताज, असली बात तो भूल ही गया! कल शाम ऑफ़िस से फ़ोन आया था. तेरी बीवी का वीज़ा हो गया. मबरूक! मुबारक हो! आटा-वाटा छोड़, मिठाई खिला." ताजुद्दीनची पाठ थोपटून तो निघून गेला.

मग वैभव अगदी हळू म्हणाला, "व्हय म्हाराजा."

कुणी हसलं नाही. पांडू ताजुद्दीनकडे वळला. "रईसावैनीचो व्हिसा? माका आधी सांगलंस कित्याक नाय?"

"सांगितलं असतं तर तू हे ओतून टाकलं असतंस."

"मगे? ओतूकच व्हया होता!"

"तुझी जत्रा होती, पांडू," ताजुद्दीन म्हणाला, आणि पलंगावर बसून लहान मुलासारखा रडू लागला.

पांडूनं रजई काढली, मला दोन्ही हातांनी उचललं आणि न्हाणीत नेलं. वैभव मागे धावला. "अण्णा, एक घोट तरी चाखू द्या की!"

"गाऱ्हाणा पावला," पांडू म्हणाला. "आता ह्या सगळा देवाचा. देवाचा ता देवाक जावक व्हया."

त्यानं मला उपडं केलं. फेसाळ, सोनेरी असं काहीतरी जाळीतून निघून गेलं. पांडूच्या हातची पहिली बीअर चांगली झाली होती की नाही, हे कुणालाच कळलं नाही. माझ्या पोटात होती, पण चव घेणं आम्हा जारांच्या नशिबी नसतं.

माझा आंबूस वास मात्र साबणानंही गेला नाही. म्हणून पांडूनं माझी मान कापली, माझ्यात माती भरली आणि तुपाच्या डब्यात दाटीनं वाढलेला कढीपत्ता माझ्यात लावला. तेव्हापासून मी दाराबाहेर उभा आहे. येणारे-जाणारे माझ्यात चहाचा गाळ टाकतात, विडीची थोटकं खुपसतात. मित्रांनो, तेवढं करू नका. झाडाला सांगता येत नाही म्हणून त्याला चालतं असं समजू नका.

रईसा आली, ताजुद्दीननं तिला मक्केला नेलं. तिकडून तिनं पांडूला फोन केला. तो माझ्याजवळच दारात उभा होता. ती म्हणाली, "पांडूभाऊ, तुमच्यासाठी मागितलंय मी. पुढच्या जत्रेला तुम्हाला सुट्टी मिळू दे."

पलीकडून ताजुद्दीनचा 'आमीन' ऐकू आला. इकडे पांडूनं हात जोडले. "व्हय म्हाराजा," तो म्हणाला, आणि या वेळी त्याचा आवाज शेजारच्या खोलीपर्यंतही पोचला नाही.

यंदा पांडू जत्रेला गेला आहे. मला पाणी ताजुद्दीन घालतो. मी निरुपयोगी झालो असं कुणी म्हणेल, पण मला आता बूच नाही, नळी नाही, आणि आत काही कोंडलेलं नाही. तुम्हीही मित्रापासून मनातलं फार घट्ट बूच लावून ठेवू नका. मी एका रात्रीत फुगलो होतो. ताजुद्दीन कित्येक महिने फुगत होता, आणि समोरच्या पलंगावरून कुणी वाकून ऐकलं नाही.