उताऱ्यात उंट नव्हता

साहेबराव सरांनी प्रश्नपत्रिका एकदा वाचली, चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाला पुसला आणि पुन्हा वाचली. मग समोर उभ्या असलेल्या कौसल्याला त्यांनी हळूच विचारलं,

“कौसल्याबाई, यात उंट कुठंय?”

“आपला डेझर्टचा उतारा हाय न्, सर. पाठ केल्ता तोच.”

“डेझर्ट बराबर हाय. पण उंट न्हाई. हा वाळवंटातल्या फुलांचा उतारा हाय, बाई. तुम्ही लिहून काय आल्या?”

काय लिहून आली ते कौसल्याला अजून तोंडपाठ होतं. उंटाची मदार, उंटाचे ओठ, उंट पाण्यावाचून किती दिवस चालतो. मार्च महिन्यात जालन्याच्या केंद्रावर पेपर हातात पडला, पहिल्याच ओळीत ‘डेझर्ट’ दिसलं आणि तिला आभाळ ठेंगणं झालं. प्रश्न पाच होते, तिच्याजवळ उत्तरं पाच होती. तिनं ती मोत्यासारख्या अक्षरात उतरवली आणि घरी आल्यावर बालवाडीच्या पोरांना गूळ वाटला. दुष्काळाच्या त्या दिवसांत गूळ म्हणजे चैन होती.

निकाल जूनमध्ये लागला. बाकीच्या विषयांत ती पास होती. इंग्रजीत शंभरापैकी चोवीस.

कौसल्या तेव्हा चौतीस वर्षांची होती. नववीत असताना लग्न होऊन ती केदारखेड्याला आली आणि पोरं मोठी झाल्यावर बाहेरून मॅट्रिकला बसली. गावच्या बालवाडीत ती मदतनीस होती. पोरांची नाकं पुसायची, दुधाची भुकटी कालवायची, सतरंजी झटकायची. आधीच्या शिक्षिका बदलून गेल्या तेव्हापासून गाणी आणि अक्षरंही तीच शिकवत होती. पण कागदावर ती मदतनीसच. भोकरदनच्या मुख्य सेविका पुष्पाबाईंनी तिला साफ सांगितलं होतं, “काम तुमचं चांगलं आहे. पण शिक्षिका मॅट्रिक पास लागते. ऑक्टोबरात इंग्रजी काढलंत तर जागा तुमची. नाहीतर जानेवारीत मला दुसरी बाई नेमावी लागेल.”

म्हणजे जे काय ते ऑक्टोबरात.

“चूक माझीबी हाय,” साहेबराव सर म्हणाले. सर चांगल्या शेतकरी घरातले, मनानं सरळ. गावच्या हायस्कुलात अकरा वर्षं इंग्रजी शिकवत होते आणि कौसल्याला काही न घेता शिकवायचे. त्यांची पद्धत एकच. वीस उतारे उत्तरांसकट पाठ करायचे, त्यातला एखादा परीक्षेत हमखास येतो. “या वेळी वीस नको, तीस करू. वाळवंटाचे दोन्ही करू. मंग बघू कसं हुकतं ते.”

तीस उताऱ्यांची वही काखेत मारून कौसल्या घरी आली. सासू तुळजाबाई दारात बसून रेशनच्या तांबड्या मिलो ज्वारीच्या भाकरीचे तुकडे ताकात कुस्करत होती. वय सत्तरीच्या पुढं, तोंडात दात चार, पण त्या चार दातांमधून निघणारा शब्द गावात कुणी खाली पडू देत नसे.

“काय म्हणला तुझा मास्तर?”

“पेपरात उंट नव्हता म्हणला.”

“मंग काय व्हतं?”

“फुलं व्हती, आत्याबाई. वाळवंटातली.”

“वाळवंटात कुठली आलीत फुलं? मंग? काय झालं त्या फुलांचं?”

कौसल्याला सांगता येईना. अख्खे तीन तास तो कागद तिच्यासमोर होता, आणि त्या फुलांचं काय झालं हे तिला माहीत नव्हतं.

“म्हंजे तू चोवीस मार्क घेऊन आली आन् गोष्ट तिथंच ठिवून आली,” तुळजाबाई म्हणाली. “दोन आण्याचं मीठ आणायला गेलेलं पोरगंबी बाजारात काय पाह्यलं ते सांगतं.”

नवरा भिवा आत भिंतीला टेकून पायातला सराटा काढत होता. वर्षभर तो सडकेच्या दुष्काळी कामावर खडी फोडत होता. तो हसला. “माय, तिला आधीच वाईट वाटून राह्यलं. तू आणखी कशाला मीठ चोळती?”

“मी कुठं चोळती? मी गोष्ट विचारून राह्यली.”

ती गोष्ट कौसल्याच्या डोक्यातून जाईना. दुसऱ्या दिवशी बालवाडी सुटल्यावर तिनं तीस उताऱ्यांची वही बाजूला ठेवली आणि मार्चची प्रश्नपत्रिका उघडली. सरांनी एक जुना शब्दकोश दिला होता. त्याला पुठ्ठा नव्हता आणि शेवटची पन्नास-साठ पानं उंदरांनी खाल्ली होती. डब्ल्यूपासून सुरू होणारे शब्द उंदरांच्या पोटात गेले होते, आणि या उताऱ्यात तर तेच जास्त. अडलेला शब्द मागच्या-पुढच्या वाक्यांवरून हुडकायचा, एवढाच मार्ग उरला. पहिली चार वाक्यं लावायला तिला आठवडा लागला.

दुपारच्याला ती वाक्य वाचायची, मराठीत सांगायची. तुळजाबाई काही ना काही निवडत ऐकायची आणि प्रत्येक वाक्याला म्हणायची, “मंग?” कधी म्हणायची, “का?” या ‘का’नं कौसल्या हैराण व्हायची, कारण ‘का’चं उत्तर द्यायचं तर वाक्य पुन्हा वाचावं लागायचं.

उतारा असा होता. एका वाळवंटात कित्येक वर्षं पाऊस पडत नाही. जमीन बघणाऱ्याला वाटतं, इथं काही नाही. पण वाळूखाली बी असतं. एखाद्या वर्षी चांगला पाऊस होतो, आणि पंधरा दिवसांत सगळी जमीन पिवळ्या-जांभळ्या फुलांनी झाकून जाते. लोक लांबून बघायला येतात. फुलं थोडेच दिवस राहतात, नवं बी टाकतात आणि सुकून जातात.

खाली व्याकरणाचाही प्रश्न होता. ‘पाऊस पडतो’ हे वाक्य आधी भूतकाळात आणि मग भविष्यकाळात लिहा.

“ते भविष्याचं मला इचार,” तुळजाबाई म्हणाली. “पाऊस पडंल, पाऊस पडंल, सगळा गाव दोन वर्षं हेच म्हणून राह्यला व्हता. बिलकुल पाठ हाय.”

अडलं ते चौथ्या प्रश्नावर. उताऱ्यात एक वाक्य होतं की चांगला पाऊस झाला तरी सगळं बी एकदम उगवत नाही. काही बी तसंच पडून राहतं. प्रश्न होता, हे झाडाच्या फायद्याचं कसं? उत्तर उताऱ्यात सरळ लिहिलेलं नव्हतं. कौसल्यानं उतारा वरून खाली चाळला, खालून वर चाळला. पाठ करण्यासारखं वाक्यच तिथं नव्हतं.

श्रावण संपत आला होता. त्या साली पाऊस चांगला झाला होता आणि मूग-उडदाच्या शेंगा घरात येऊ लागल्या होत्या. तुळजाबाईनं पाटीत भिजलेली मटकी घेतली होती आणि त्यातले गणंग वेचत होती. गणंग म्हणजे भिजत घातले तरी फुगत नाहीत, शिजवले तरी शिजत नाहीत, ते खड्यासारखे दाणे. दाताखाली आले तर तुळजाबाईचे उरलेले चारही दात धोक्यात.

“हे गणंग तुम्ही कुठं फेकता, आत्याबाई?” कौसल्यानं सहज विचारलं.

“उकिरड्यावर. दुसरीकडं कुठं? आन् तिथंच मटकीचा येल वर येतो. मागल्या साली तिथं काही आलं न्हाई. औंदा बघ, उकिरड्यावर कसा पसरलाय. कुणी पेरला त्याला? कवाचे टाकलेले गणंग हायेत, जवा त्यांच्या मनाला आलं तवा फुगले.”

कौसल्याला बाहत्तरचा मृग आठवला. सुरुवातीला एक पाऊस झाला, आणि सगळ्या गावानं घरातलं होतं नव्हतं ते बी मातीत घातलं. हिरवं वर आलं. मग पुढं थेंब नाही. पंधरा दिवसांत सगळं करपलं आणि पुन्हा पेरायचं म्हटलं तर कणगीच्या तळाशी दाणा नव्हता.

“आत्याबाई, समजा ते सगळं बी एकाच पावसाला उगवलं असतं, आन् पुढं पाऊस गेला असता...”

“तर बुड निघालं असतं त्याचं. बाहत्तरला आपलं निघालं तसं. हे काय इचारायचं हाय?”

“हेच इचारलंय, आत्याबाई. पेपरात हेच इचारलंय!”

तुळजाबाईचा हात पाटीत थांबला. “सरकार परीक्षेत असलं इचारतं? मंग मला का न्हाई बसवलं?”

कौसल्या हसली, आणि हसता हसता तिनं आपल्या मनानं, कुठंही पाठ न केलेली इंग्रजीची तीन वाक्यं लिहिली. तिसऱ्यात एक चूक होती. पण ती वाक्यं तिची होती.

दुसऱ्या दिवशी ती वही घेऊन सरांकडं गेली. सरांनी ती चूक लाल शाईनं सुधारली आणि मग कपाळाला आठी घातली.

“दीड महिना एकाच उताऱ्यात घातला? बाई, आलेला उतारा पुन्हा येत नसतो! तीसमधले किती झाले?”

“तीन.”

“तीन! आता कसं व्हायचं?”

“सर, न पाह्यलेला उतारा द्या मला एखादा. कुठलाबी. पाठ न्हाई करत, वाचते.”

सरांनी कपाटातून एक जुनं पुस्तक काढलं, मधलंच पान उघडलं आणि तिच्यापुढं सारलं. कौसल्या त्या उताऱ्यावर तासभर बसली. पाचांपैकी तीन उत्तरं बरोबर आली. सरांनी ते पुस्तक तिला घरी न्यायला दिलं.

त्यानंतर तिनं वाचायचं काही सोडलं नाही. दुधाच्या भुकटीच्या पोत्यांवर बारीक इंग्रजीत काय काय छापलेलं असायचं. वर्षभर तिनं त्या पोत्यांवर पोरं बसवली होती, पण पोतं कुठून आलं, ते कोरड्या जागी का ठेवायचं आणि कधीच्या आत संपवायचं, हे तिथंच लिहिलं होतं हे तिला आता कळलं. घरी आली की तुळजाबाईला सांगायची, आणि तुळजाबाईचा ‘का’ तयारच असायचा.

ऑक्टोबरात परीक्षेच्या दिवशी भिवा तिला सडकेपर्यंत सोडायला आला. जालन्याच्या गाडीची वाट बघत दोघं उभी राहिली. सडकेच्या कडेला, भिवानं वर्षभर जिथं खडी फोडली होती, तो मुरमाड तुकडा पिवळ्या बारीक फुलांनी भरून गेला होता. सराट्याची फुलं. ज्याचे काटे त्यानं वर्षभर पायातून काढले, तोच सराटा.

“याला एवढं चांगलं फूल येतं, हे कधी पाह्यलंच न्हाई मी,” भिवा म्हणाला.

“खाली बघायची फुरसद कुठं व्हती तुम्हाला?”

“फुरसदीचं न्हाई, हिंमत नव्हती. खाली बघितलं की खडीच दिसायची.” लांबून गाडीचा आवाज आला. “जा आता. जल्दी करू नको, दमानं वाच.”

पेपर हातात आला. उतारा बर्फातल्या एका गावाचा होता. तीसमध्ये तो नव्हता, वीसमध्ये नव्हता, सरांच्या पुस्तकातही नव्हता. कौसल्यानं बर्फ आयुष्यात पाहिला होता तो जत्रेतल्या गोळ्याचा. शेजारच्या बाकावरचं पोरगं ओठ हलवत काहीतरी पाठ केलेलं आठवत होतं. सात महिन्यांपूर्वीची आपणच तिथं बसलोय, असं तिला वाटलं.

मग तिनं पहिलं वाक्य वाचलं. डोक्यात कुणीतरी म्हणालं, “मंग?”

तिनं दुसरं वाचलं.

पाऊण तास तिनं फक्त उताराच वाचला. दोन शब्द अडले. एक तिनं वाक्यावरून ओळखला, दुसरा सोडून दिला. शेवटचा प्रश्न होता, पोस्टमननं आपली पिशवी झाडाला का टांगली? उत्तर कुठंच सरळ लिहिलेलं नव्हतं. कौसल्याला त्याचं भय वाटलं नाही. असे प्रश्न तिच्या घरात रोज दुपारी पडायचे.

संध्याकाळी ती गाडीतून उतरून घरी आली तेव्हा तुळजाबाई दारात बसली होती. भिवानं विचारायच्या आत तिनंच विचारलं,

“उंट व्हता का?”

“न्हाई, आत्याबाई. या बारीलाबी उंट नव्हता.” पायातली चप्पल काढायच्या आधीच कौसल्या उंबऱ्यावर बसली. “एक पोस्टमन व्हता. बर्फाचं गाव. चालता येईना म्हणून त्यानं पायाला लाकडाच्या फळ्या बांधल्या...”

“फळ्या? का?”

“पाय खाली रुतू नये म्हणून. मंग वाटंत वादळ आलं. त्यानं पिशवी झाडाला टांगली, उंच. म्हंजे आपण बर्फात गाडले गेलो तरी चिठ्ठ्या दिसाव्यात कुणाला तरी.”

“आरं देवा. मंग?”

“दुसऱ्या दिवशी गावच्या लोकांना पिशवी दिसली. त्या खुणेनं त्यांनी झाडाखाली उकरलं, आन् तो जिता निघाला.”

भिवा चहाचं भांडं हातात घेऊन दारात उभा होता. भांडं तिरपं होऊन चहा सांडायला लागला तरी त्याचं लक्ष नव्हतं.

“आन् चिठ्ठ्या?” तुळजाबाई म्हणाली. “चिठ्ठ्या ज्यांच्या त्यांना पोचल्या का?”

“ते न्हाई लिहिलं. उतारा तिथंच संपला.”

“हे काय! अर्धी गोष्ट सांगून परीक्षा घेत्यात?” तुळजाबाई खरंच रागावली. मग तिनं सुनेकडं नीट बघितलं. मार्चमध्ये गूळ वाटणारी बाई आणि ही बाई यांतला फरक तिला दिसला असावा. निकालाला अजून दोन महिने होते, पण तिनं निकालाचं काहीच विचारलं नाही. पदराची गाठ सोडली, गुळाचा खडा काढला आणि कौसल्याच्या तळहातावर ठेवला.

“पोरांना नंतर वाट,” ती म्हणाली. “हा तू खा. आन् मंग पुन्हा पह्यल्यापून सांग. त्या फळ्या कशा बांधल्या ते मला नीट कळलं न्हाई.”