पोटातली भेसळ

सोसायटीच्या रिकाम्या खताच्या गोदामापुढं त्या गुरुवारी अडीचशे-तीनशे माणूस बसलं होतं. त्यातल्या निम्म्यांनी तासाभरापूर्वी माझ्याकडं डेअरीत दूध घातलं होतं. दूध घालताना जशी मान लांब करून ते माझ्या हाताकडं बघतात, तशीच मान लांब करून आता उदरनाथ महाराजांच्या हाताकडं बघत होते. महाराजांपुढं चिनी मातीच्या पांढऱ्याशुभ्र बशा मांडलेल्या. बशीत पिवळसर तीर्थ.

"या माउली. तीर्थात थुंका. देवापुढं आन वैद्यापुढं लाजायचं न्हाई."

बाई थुंकली. बघता बघता तीर्थ निळंकाळं झालं. गर्दीतून 'अगं बाई बाई' निघालं.

"बगा," महाराज म्हणाले. "करणीचं इष हाय, बारा वर्षाचं साचलंय. शहरातला डॉक्टर पोटावर मशीन फिरवतो, त्याला दिसत न्हाई. आमच्या बशीत दिसतं. आमी मशीन न्हाई लावत. आमी आत्मा लावतो."

मग त्यांनी अर्धं लिंबू बाईच्या डोक्यावरून सात वेळा उतरवलं आणि बशीत पिळलं. निळा रंग गेला. तीर्थ पाण्यासारखं नितळ झालं. बाई रडायलाच लागली.

"आत्तापुरतं ओढलं. मूळ आत हाय. भाकरी, भात, बटाटा, साबुदाणा बंद. इषाला हेच लागतं. गूळ आन शेंगदाणे खा. सकाळ-संध्याकाळ आमची पुडी. आन पाणी दिवसाला दोनच पेले. पोटात पाणी साचलं की इष कुजतं."

मी बंकट. गावच्या सहकारी दूध संस्थेत टेस्टर आहे. माझ्याकडं आयोडीनची बारकी बाटली असते, डेअरीत टेबलावर, एरवी खिशात. दूध घट्ट दिसावं म्हणून कुणी त्यात आरारूट नाहीतर पीठ कालवलं, की दोन थेंबांत दूध निळं पडतं आणि मी ते परत करतो. त्यामुळं महाराजांची पहिली बशी निळी झाली तेव्हाच मला सगळं कळलं. भाकरी खाऊन आलेल्या माणसाच्या तोंडात भाकरीचं पीठ असणारच. मी काय केलं म्हणाल, तर हसलो आणि घरी गेलो.

लोकांची पोटं बिघडली होती हे मात्र खरं. दोन वर्षं पाऊस नव्हता. टँकर चौथ्या दिवशी यायचा, घरटी सहा घागरी. त्यात जनावरं आधी, माणसं मग, बायका शेवटी. हिरवी भाजी डोळ्याला दिसत नव्हती. ताक म्हणाल तर सगळं दूध डेअरीला जायचं, घरात विरजणाला थेंब उरत नव्हता. माणसाला चार-चार दिवस साफ व्हायचं नाही, पोट नगाऱ्यासारखं फुगायचं. याला करणी कशाला लागते? पण पाणी प्या म्हणून सांगायचं कुणाला आणि कुठल्या तोंडानं.

महाराजांनी उलटं सांगितलं. कमी प्या, आणि वाचलेली एक घागर गोदामामागच्या टाकीत 'जलदान' म्हणून ओता. त्या टाकीतून एक पाइप निघत होता आणि तो सोसायटीचे चेअरमन बबनराव यांच्या मोसंबीच्या बागेत जात होता. लपवलेला नव्हता. बायका तो ओलांडून टाकीत पाणी ओतायच्या. कुणी विचारलं नाही. मीही नाही.

माझी थोरली बहीण वच्छला, तिला मी अक्का म्हणायचो. आई गेली तेव्हा मी चार वर्षांचा होतो, मला तिनंच वाढवलं. नवरा वारल्यावर ती परत आली. माझं लग्न झालं नाही. घरात आम्ही दोघंच.

पहिल्या गुरुवारनंतर तिनं ताटात नुसते गूळ-शेंगदाणे घेतले.

"भाकरी कावून घेत न्हाईस?"

"निळं झालं माजं."

"ते सगळं थोतांड हाय, अक्का."

"तूच म्हणतोस ना, निळं झालं की भेसळ. साऱ्या गावाचं दूध तू त्याच्यावरच परत करतोस."

"ते दुधाचं."

"मग पोटाचं येगळं आसतंय का?"

"अडाण्यावानी करू नको," मी म्हणालो आणि डेअरीला निघून गेलो. मला उशीर होत नव्हता. वाद घालायचा कंटाळा आला होता.

आता खरं सांगतो. निळा रंग कशानं येतो हे बारा वर्षांत मी गावात एकालाही सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर लोकांनी पीठ सोडून दुसरं काहीतरी घातलं असतं, असं मी म्हणायचो. ते अर्धंच खरं. बंकटच्या बाटलीपुढं खोटं चालत नाही, असं लोक म्हणायचे आणि मला ते आवडायचं. निळं म्हणजे पाप एवढंच मी गावाला शिकवलं. महाराजांनी आयत्या पिठावर रेघोट्या ओढल्या.

बाकीच्यांच्या बशा हळूहळू नितळ निघायला लागल्या. भाकरी-भात बंद, मग तोंडात पीठ येणार कुठून? महाराजांचा गुण आला म्हणून नारळ फुटू लागले. अक्काची बशी मात्र दर गुरुवारी निळी. माझ्यासाठी भाकरी भाजताना कडेचा एक तुकडा तोंडात टाकायची तिची जुनी सवय होती. त्याला ती जेवण धरत नव्हती. महाराजांनी तिची पुडी दुप्पट केली, मग तिप्पट. पुडीनं तिला दिवसाला सहा-सात वेळा जावं लागायचं. "इष निघतंय," ती म्हणायची. तिचे डोळे खोल गेलेले मला दिसत होते. गावात सगळ्यांचेच खोल गेलेत, असं मी मनाशी म्हणालो.

चौथ्या आठवड्यात ती टँकरच्या रांगेत पडली. शेजारच्या हजराबीनं तिला उचललं आणि मला बोलावणं धाडलं. टेम्पोत घालून आम्ही तिला तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी तिच्या हाताची कातडी चिमटीत धरून सोडली, तर कातडीची घडी तशीच उभी राहिली; अंगातलं पाणी आटलं होतं. मी पुडी दाखवली. त्यांनी हुंगली, जिभेला लावली.

"सोनामुखी आहे. जुलाबाचं औषध. एखादा दिवस, भरपूर पाण्याबरोबर घेतलं तर ठीक. या किती दिवस घेतायत?"

"तीन आठवडे झाले."

"आणि पाणी?"

मी सांगितलं. त्यांनी लगेच सलाईन लावलं. दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, मूत्रपिंडं काम करत नाहीत, मोठ्या दवाखान्यात हलवावं लागेल. गाडी येईपर्यंत मी अक्काच्या तोंडाशी पाण्याचा पेला धरला.

"आजचे दोन झालेत," ती म्हणाली आणि तोंड फिरवलं.

गाडी आली, पण तिचा उपयोग झाला नाही.

त्यानंतरचे नऊ दिवस मी दूध घेत होतो, मापत होतो, घरी येत होतो. रडू आलं नाही. चूल पेटवायचं सुचायचं नाही. हजराबी ताट आणून ठेवायची आणि मी जेवतोय का बघत दारात उभी राहायची.

दहाव्याला नदीवर गेलो. नदी म्हणजे नुसती वाळू. पाणी आम्ही कॅनमधून नेलं होतं. भाताचा पिंड मांडला, शेजारी भाकरी, बटाट्याची भाजी, लिंबाची फोड, गुळाचा खडा. कावळा येईना. नदीला पाणी नव्हतं, सगळे कावळे चारा छावणीच्या हौदावर होते. पण हे दहाव्याला कोण ऐकून घेतो? तेवढ्यात बबनरावांच्या जीपमधून महाराज उतरले.

"कावळा शिवायचा न्हाई," ते लोकांना ऐकू जाईल असं म्हणाले. "बाई निळी गेली. जीव अडकलाय. बंकटराव, गोदामावर शांती करावी लागंल."

बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. अक्का मेल्यावरही तिच्या पोटात विष आहे, असं आता गावभर होणार होतं. मला तेवढं मात्र सहन झालं नाही.

"महाराज," मी म्हणालो, "तुमचं तीर्थ पिंडावर शिंपडा."

"ते जित्या माणसासाठी आसतं."

"गंगेचं पाणी मेलेल्याच्याच तोंडात घालतेत. तुमचं तीर्थ कंच्या गंगेचं हाय?"

"शिंपडा की म्हाराज," मागून हजराबी म्हणाली. "तुमचं काय जातंय?"

महाराजांनी तीर्थाच्या बाटलीची पिशवी छातीशी धरली. मग मी खिशातली माझी बाटली काढली. डेअरीतली, सगळ्यांच्या ओळखीची. पिंडावर तीन थेंब टाकले. पांढरा भात निळाकाळा पडला. माणसं दोन पावलं मागं सरली.

"या भाताला पोट हाय का?" मी विचारलं. "याला कुणी करणी केली?"

भाकरीवर थेंब टाकला, निळा. बटाट्यावर टाकला, निळा. गुळावर टाकला, गुळाला काही झालं नाही. मग द्रोणात पाणी घेतलं, त्यात आयोडीन टाकलं. तीर्थाचा रंग आला. भाकरीचा चुरा टाकला, निळं झालं. लिंबू पिळलं, रंग गेला. मंत्र म्हटला नाही, डोक्यावरून काही उतरवलं नाही.

"जिथं पीठ तिथं निळं. लिंबाच्या रसानं ते जातं. महाराजांनी तुमाला काय काय सोडायला लावलं, आठवा. भाकरी, भात, बटाटा, साबुदाणा. सगळं पिठाचं. भाकरी खाल्लेला कुणीबी थुंकला तरी निळंच व्हनार."

"बंकट, दहाव्याला तमाशा करू नको," बबनराव म्हणाले.

"चेअरमन, पहिल्या दिवशी तुमची बशी नितळ निघाल्ती. एक घास खा आन थुंका."

बबनराव जागचे हलले नाहीत. तेव्हा हजराबी पुढं आली, भाकरीचा तुकडा मोडला, चावला आणि दुसऱ्या द्रोणातल्या पिवळ्या पाण्यात थुंकली. निळं झालं.

"माजं पोट तर रोज साफ हाय," ती म्हणाली. कुणीतरी हसलं.

महाराज जीपकडं गेले. त्यांना कुणी मारलं नाही, अडवलंही नाही. चार पोरं गोदामाकडं गेली आणि त्यांनी पाइप कापला.

एका म्हातारीनं विचारलं, "मग पोटाला करावं काय रे?" मला ठाऊक होतं तेवढं सांगितलं. आधी पाणी. टाकीतलं वाटून घ्या आणि बायांनो, तुम्ही शेवटी पिऊ नका. डेअरीला दूध घालताना घरात तांब्याभर ठेवा, त्याचं ताक करा. कोंड्यासकट भाकरी खा आणि चावून चावून खा. चावताना ती गोड लागते ना? थुंकीनं तिला पचवायला घेतलेलं असतं म्हणून. महाराज ज्या थुंकीत विष दाखवत होते, पचन त्या थुंकीपासूनच सुरू होतं. छावणीच्या हौदाकडेला घोळीची रानभाजी उगवलीय, ती आणून शिजवा. एवढ्यानं भागलं नाही तर डॉक्टर. पुडी नको.

त्या दिवशी कावळा शिवला का, ते मी बघितलं नाही.

हल्ली डेअरीत येईल त्याला मी बाटली दाखवतो. त्यात काय आहे आणि निळं कशानं होतं, ते सांगतो. लोकांनी आता आरारूट सोडलंय आणि दुसरंच काही घालायला लागलेत. घालू देत, तेही शोधू. तुम्हाला एक सांगतो. कुणी बाबा तुमच्या गावात बशा मांडून बसला आणि त्याची मेख तुम्हाला कळली, तर माझ्यासारखं हसून घरी जाऊ नका. थोतांड आहे म्हणून सांगून कुणाला पटत नाही. त्याच्यासमोर बसा आणि करून दाखवा. भाकरीचा तुकडा, दोन थेंब, अर्धं लिंबू. पाच मिनिटंसुद्धा लागत नाहीत. अक्का माझ्यासमोर ताट घेऊन बसली होती तेव्हा बाटली माझ्या खिशातच होती.